उन्हाळ्यात आर्क्टिकला अभ्यासाला जायचंय? मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी परभणी जिल्ह्यातली. पीएचडीच्या काळात दोन उन्हाळे स्वालबार्डमध्ये हिमनदीचं वितळपाणी मोजत काढले, आता महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते. त्यानंतर कॉलेजांतल्या कार्यक्रमांत, एसटी स्टँडवर आणि दोनदा तर लग्नाच्या पंगतीत लोकांनी मला प्रश्न विचारले. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. क्रम लावलेला नाही, विचारले गेले तसे आहेत.

म्हणजे तुम्ही उत्तर ध्रुवावर गेला होतात?

नाही. गावात लागलेल्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर तसं छापलं होतं. ती चूक मी आजही दुरुस्त करत फिरते.

उत्तर ध्रुव हा समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फातला एक बिंदू आहे. तिथे जमीन नाही, त्यामुळे कायमचं स्टेशनही नाही. आर्क्टिक हा साधारण साडेसहासष्ट अंश उत्तर अक्षांशाच्या वरचा सगळा पट्टा. नॉर्वे, रशिया, कॅनडा, अलास्का, ग्रीनलंड अशा प्रदेशांचे उत्तरेकडचे भाग त्यात येतात. आपल्याकडून जाणारे विद्यार्थी बहुतेक नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर जातात. तिथल्या नी-ऑलेसुंड या वस्तीत भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र १ जुलै २००८ पासून आहे. ही वस्ती जवळजवळ ७९ अंश उत्तरेला आहे आणि तिथून ध्रुव आणखी बाराशे किलोमीटर लांब. नांदेड ते दिल्ली सरळ रेषेत मोजलं तरी त्याहून कमीच भरेल.

उन्हाळा आपल्याकडे कमी पडतो का, की तिकडचा बघायला जायचं?

हा प्रश्न माझ्या आजीचा. "काय मोजायलीस गं एवढं तिकडं जाऊन?" हा तिचाच पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर खाली लांबलचक दिलंय.

तिथल्या जुलैचं सरासरी तापमान पाच-सहा अंश सेल्सिअस असतं. आपल्या पोरांना ती कडाक्याची थंडी वाटते, तिथल्या लोकांना मात्र तो उन्हाळाच. बर्फ वितळतो, ओढे वाहतात, जमिनीचा वरचा थर सुटतो, फुलं येतात, पक्षी अंडी घालतात, खाडीत होडी नेता येते. जे बदलतं तेच मोजायचं असतं, आणि बदल होतो तो या दोन-तीन महिन्यांत. हिवाळ्यात काम होत नाही असं नाही. डिसेंबर २०२३ पासून भारताच्या हिवाळी मोहिमाही सुरू झाल्या आहेत. पण विद्यार्थ्याला पहिली संधी मिळते ती बहुतेक उन्हाळ्यातच.

गैरसोय एकच. हे दिवस म्हणजे आपली मृग-आर्द्रा, पेरणीचे दिवस. मी तिथून फोन केला की वडील आधी विचारायचे, "तिकडं पाऊस हाय का?" मी नाही म्हटलं की म्हणायचे, "इथं बी नाही." आणि फोन आईकडे जायचा.

पावसाचं निघालंच तर सांगते. स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्येन. तिथे पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण दोनशे मिलिमीटर पडतं. ज्याला आपण दुष्काळी म्हणतो त्या मराठवाड्याची सरासरी सातशेच्या आसपास आहे. तरी तिथे पायाखाली सगळीकडे पाणी, कारण खालची जमीन गोठलेली असते आणि पाणी मुरायला जागाच नसते. आमच्याकडे पडतं ते कुठे जातं, हा वेगळा प्रश्न.

तिथे जाऊन नेमकं करतात काय?

मोजतात. सकाळी मोजतात, जेवून पुन्हा मोजतात. टीव्हीवर दिसतं त्यातलं साहस महिन्यातून एखाद्या दिवशी. बाकी दिवस चिखल, ओले बूट आणि वही.

हिमनदीचं उदाहरण घ्या. हिमनदी वाढली की घटली हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून वाफेच्या ड्रिलने बर्फात खोल भोक पाडून काठ्या रोवतात. वसंतात काठीचा किती भाग बाहेर आहे ते मोजायचं, उन्हाळा संपताना पुन्हा मोजायचं. समजा, आधी ६० सेंटिमीटर बाहेर होती आणि नंतर १८० झाली, तर त्या जागी १२० सेंटिमीटर बर्फ गेला. बर्फ पाण्यापेक्षा हलका, त्यामुळे त्याचं पाणी होतं साधारण १०८ सेंटिमीटर. हिमनदीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत अशा काठ्या असतात. वर हिवाळ्यात साठलेला बर्फ किती आणि खाली गेलेला किती, याचा ताळेबंद मांडला की हिमनदी नफ्यात आहे की तोट्यात ते कळतं. नी-ऑलेसुंडजवळच्या दोन लहान हिमनद्यांचा हा हिशेब १९६० च्या दशकापासून अखंड ठेवलेला आहे, आणि बहुतेक वर्षी तोटाच निघालाय. वेस्ट्रे ब्रोगरब्रीन या शेजारच्या हिमनदीवर भारतीय गट काम करतात.

मी पहिल्यांदा काठीला टेप लावली तेव्हा आमच्या गावची निरीक्षण विहीर आठवली. भूजल सर्वेक्षणाचा माणूस वर्षातून चार वेळा यायचा, कठड्यापासून पाण्यापर्यंत टेप सोडायचा, आकडा लिहायचा आणि चहा पिऊन निघून जायचा. लहानपणी वाटायचं, एवढ्यासाठी हा जीपने येतो? एवढ्यासाठीच यावं लागतं. एक आकडा काहीच सांगत नाही, तीस वर्षांचे आकडे सगळं सांगतात. तिथलं काम हेच आहे, फक्त विहिरीच्या जागी हिमनदी.

बाकीची कामं थोडक्यात सांगते. काँग्सफ्योर्ड खाडीत होडीतून उपकरण सोडून खोलीनुसार तापमान आणि खारेपणा घेतात. अटलांटिकचं उबदार पाणी खाडीत किती आत शिरतंय, ते त्यावरून कळतं. याच खाडीत भारताने २०१४ साली 'इंडआर्क' नावाची वेधशाळा पाण्याखाली नांगरून ठेवली. हवेतली काजळी आणि धूलिकण मोजणारे असतात. शेवाळं, दगडफूल, जिवाणू यांवर काम करणारे असतात. कोणी लोखंडी सळई जमिनीत खुपसत टुंड्रावर फिरतं. सळई जिथे 'टक्' करून थांबते तिथे कायम गोठलेली जमीन लागली. वरचा सुटलेला थर किती खोल, ते त्यावरून मोजायचं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बर्फातल्या काळ्या वाट्या. वाऱ्याने आलेली काळी धूळ हिमनदीवर बसते, ऊन शोषते, तेवढ्या जागचा बर्फ वितळतो आणि बोटभर ते वीतभर खोल गोल खड्डे पडतात. तळाशी काळा गाळ, वर नितळ पाणी, आणि त्या गाळात सूक्ष्मजीवांची अख्खी वस्ती. ताजा बर्फ ऊन जवळजवळ सगळं परत फेकतो आणि काळी वस्तू गिळते, हे काळ्या रानात चैत्रात अनवाणी चाललेल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

आमच्या पोरांना याचं काय? लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि तुम्ही बर्फाचं सांगता.

हा प्रश्न एका सरपंचांनी भर कार्यक्रमात विचारला होता. रास्त आहे. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा मी एम.एस्सी.ला होते. तिथूनच मला पाणी मोजण्याची खोड लागली.

आर्क्टिक तापलं म्हणून आमच्याकडे दुष्काळ पडला, असं सरळ म्हणता येत नाही. कोणी म्हणत असेल तर त्याला पुरावा मागा. एवढं नक्की की १९७९ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलंय. तिथला समुद्री बर्फ कमी झाला की वरच्या हवेच्या प्रवाहांची घडी बदलते, आणि तिचा धागा आपल्या मान्सूनपर्यंत, विशेषतः सप्टेंबरच्या शेवटी कोसळणाऱ्या अतिवृष्टीपर्यंत पोचतो का, यावर आपल्याकडचे शास्त्रज्ञ काम करतायत. सोयाबीन काढणीला आलं असताना पडणारा पाऊस काय करतो ते मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. प्रश्न अजून सुटलेला नाही. म्हणूनच तो अभ्यासाचा विषय आहे.

दुसरा धागा ज्वारीचा. लाँगइयरब्येनजवळ डोंगराच्या पोटात जागतिक बियाणं कोठार आहे, २६ फेब्रुवारी २००८ ला सुरू झालेलं. उणे १८ अंशांवर तिथे जगभरचं बियाणं ठेवतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांचे नमुने तिथे पाठवलेले आहेत. म्हणजे आपलं खाणं तिथे आधीच पोचलंय, माणसं मागून जातायत. आत जायला मिळत नाही, बाहेरून दार बघायचं. मी त्या दारापुढे उभी राहून आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आपल्या कणगीला कुलूप नाही."

गंमत अशी की जमीन कायम गोठलेली राहील या भरवशावर बांधलेल्या त्या कोठाराच्या बोगद्यात २०१६ च्या शरद ऋतूत पाणी शिरलं. बियाण्याला काही झालं नाही, पण तोंडाकडचा भाग पुन्हा नीट बांधून घ्यावा लागला.

बारावीनंतर थेट जाता येतं का?

नाही. कोणी पैसे घेऊन नेतो म्हणत असेल तर ती सहल असेल, संशोधन नव्हे.

मग शिक्षण कुठलं लागतं?

भूशास्त्र, भूगोल, सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, पर्यावरण, सागरविज्ञान, रिमोट सेन्सिंग. यातलं काहीही चालतं. 'आर्क्टिक' नावाची पदवी शोधत बसू नका. एक विषय पक्का करा आणि त्या विषयातला असा प्रश्न शोधा ज्याचं उत्तर तिथे गेल्याशिवाय मिळत नाही. मुलाखतीत आणि प्रस्तावात शेवटी एवढंच तपासतात: हे काम इथे बसून होणार नाही का? होत असेल तर इथेच करा म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात.

छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांत यातले बहुतेक विषय शिकता येतात. शेतीकडून आलेल्यांना परभणीचं कृषी विद्यापीठ आहेच. माती, सूक्ष्मजीव आणि हवामान यांचं तिथलं शिक्षण इकडे थेट उपयोगी पडतं. मोठ्या शहरातूनच जावं लागतं हा समज खोटा आहे. पण मोठ्या शहरात माहिती आधी पोचते हे खरं. म्हणून तर हे लिहायला बसले.

अर्ज कुठे आणि कसा करायचा?

भारताचा कार्यक्रम गोव्याला वास्को-द-गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. ही संस्था पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची. ती मोहिमेसाठी प्रस्ताव मागवते. प्रस्ताव सहसा विद्यार्थी देत नाही, त्याचा गाइड किंवा विभाग देतो. मंजूर झाला की त्या गटातला संशोधक विद्यार्थी प्रत्यक्ष काम करायला जातो. त्यामुळे खरा अर्ज गाइडच्या केबिनमध्येच सुरू होतो. एम.एस्सी.ला असतानाच जा आणि विचारा, "सर, आपण प्रस्ताव देऊ शकतो का?" माझ्या गाइडनी पहिल्यांदा चष्म्यावरून बघितलं, दुसऱ्यांदा विषय बदलला, तिसऱ्यांदा म्हणाले, लिहून आण.

लिहून नेलं ते चार वेळा परत आलं. पहिल्या मसुद्यात मी 'हवामान बदलाचा अभ्यास' असं लिहिलं होतं. त्यांनी लाल पेनने विचारलं, कुठल्या ओढ्याचा, कुठल्या महिन्यात, दिवसातून किती वेळा, कुठल्या यंत्राने? या चार प्रश्नांची उत्तरं आली तेव्हाच त्याला प्रस्तावाचं रूप आलं. आज माझ्याकडे मसुदा घेऊन येणाऱ्यांना मीही हेच विचारते आणि त्यांचे चेहरे उतरलेले बघते.

मंजुरीनंतर स्वालबार्डमधल्या कामाची तिथल्या संशोधन नोंदवहीत ऑनलाइन नोंद करावी लागते, आणि संरक्षित भागात काम असेल तर तिथल्या राज्यपालांच्या कार्यालयाची परवानगी. हे काम शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. माझी एक साधी सही एका कार्यालयात सात आठवडे अडकून होती. टेबलावरच होती, फक्त फाइल उलटी ठेवली होती.

परदेशातले कार्यक्रम असतात म्हणे, अमेरिकेचे वगैरे?

असतात, पण जाहिरात पूर्ण वाचा. अलास्कातल्या टूलिक लेकसारख्या केंद्रांवर पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळाभर मानधन देऊन संशोधनाला घेतात. कल्पना फार चांगली. पण अमेरिकन सरकारी निधीतल्या अशा बहुतेक जागा तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच असतात. आपल्या मुलांनी रात्र-रात्र जागून अर्ज भरलेले आणि शेवटच्या ओळीला अडकलेले मी पाहिलेत.

लाँगइयरब्येनमध्ये १९९३ पासून स्वालबार्ड विद्यापीठ केंद्र आहे. तिथे जीवशास्त्र, भूशास्त्र, भूभौतिकी आणि तंत्रज्ञान यांचे अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात, आणि फिल्डवर्क हा त्यांचा गाभा. बाहेरच्या देशांतले विद्यार्थीही अर्ज करू शकतात, मात्र विषयाचं काही वर्षांचं शिक्षण आधी झालेलं हवं. राहण्या-खाण्याचा खर्च अंगावर येतो. तो ऐकून घाबरू नका आणि तो मोजल्याशिवाय जाऊही नका.

खर्च किती?

मंजूर प्रकल्पातून गेलेल्याला घरचं रान विकावं लागत नाही. माझा प्रवास, राहणं, जेवण आणि बाहेरचे कपडे यांची सोय झाली होती. खिशातून गेलं ते पासपोर्ट, मुंबईच्या फेऱ्या, चांगले मोजे आणि आतले लोकरी कपडे यांवर. मोज्यांवर पैसे वाचवू नका.

इंग्रजी कच्चं आहे. चालेल?

चालेल. तिथे जर्मन, इटालियन, कोरियन, जपानी सगळेच आपापलं इंग्रजी बोलतात. वायरलेसवर 'आम्ही चौघे निघालो, अमुक वाजता परत' एवढं स्पष्ट सांगता आलं पाहिजे. लिहिण्याचं इंग्रजी मात्र मेहनतीने कमवावं लागतं, त्याला पळवाट नाही.

व्हिसा लागतो का? कोणी म्हणतं लागत नाही.

दोघंही बरोबर. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे बेटांवर राहायला व्हिसा लागत नाही, आणि ब्रिटिश अमलातला भारत त्या करारावर सुरुवातीपासून सही केलेल्यांत होता. पण तिथे जायचा रस्ता ऑस्लो आणि ट्रोम्सोवरून, म्हणजे नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून जातो, आणि तिथे शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला एकच व्हिसा, लागतो. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर असल्यामुळे जाताना एकदा आणि येताना पुन्हा असा दोनदा प्रवेश होतो. म्हणून व्हिसा किमान दोन प्रवेशांचा घ्या. एकाच प्रवेशाचा घेतलात तर परतताना लटकाल.

लाँगइयरब्येनहून नी-ऑलेसुंडला लहान विमान जातं, पंचवीसेक मिनिटांचा प्रवास. सामानाचं वजन काटेकोर बघतात. आमच्या बसवाल्यासारखं "टाका वर" नाही.

अस्वलाची भीती नाही वाटत?

वाटते, आणि वाटलीच पाहिजे. वस्तीच्या बाहेर बंदुकीशिवाय जायचं नाही. गेल्यावर आधी सुरक्षेचं आणि रायफल चालवण्याचं प्रशिक्षण होतं. निशाणा जमला तरच रायफल मिळते, नाहीतर ज्याला जमला त्याच्याबरोबर जायचं. बरोबर आवाज आणि उजेडाचे बार काढणारं पिस्तूल असतं, आणि आधी तेच वापरतात. अस्वलाला मारणं हा अगदी शेवटचा उपाय, त्याची पोलिसांसारखी चौकशी होते. २०२५ पासून नियम असा की अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, आणि मार्च ते जून ५०० मीटर. वस्तीतल्या घरांना कुलूप लावत नाहीत. अस्वल दिसलं तर जे दार जवळ असेल त्यात शिरायचं.

दोन उन्हाळ्यांत मी अस्वल एकदाच पाहिलं, दुर्बिणीतून, खाडीच्या पलीकडे पिवळसर ठिपका. डोक्यावर हल्ले केले ते दुसऱ्यानेच. सुरय पक्षी वस्तीतल्या रस्त्याकडेलाच अंडी घालतो आणि जवळून जाणाऱ्याच्या टाळूवर चोच मारतो. उपाय असा की डोक्यावर काठी उभी धरून चालायचं, तो सगळ्यात उंच टोकाला मारतो. जगभरचे शास्त्रज्ञ जेवायला जाताना काठ्या उभ्या धरून चाललेत, हे दृश्य पाहिलं की वारीतल्या पताका आठवतात.

माणसं जास्त करून अडचणीत येतात ती पाण्यामुळे. सकाळी घोट्याएवढा असलेला वितळपाण्याचा ओढा दुपारी मांडीपर्यंत येतो. सूर्य मावळत नसला तरी दुपारी तो वर असतो, आणि वितळ वाढते. जाताना ओढा सोपा वाटला म्हणून परतताना तसाच असेल असं धरायचं नाही. आमच्याकडच्या पुलावरून पाणी जात असताना मोटरसायकल घालणाऱ्यांना हे कोणीतरी सांगा.

मुलीला एकटीला कसं पाठवायचं?

एकटी नसते. तिथे एकट्याने वस्तीबाहेर जाण्याची कोणालाच मुभा नाही, मुलग्यालाही नाही. आमच्या तुकडीत निम्म्या मुली होत्या. 'हिमाद्री'त आठेक जणांची सोय आहे, स्वच्छ आणि उबदार. खरं सांगायचं तर घरून हॉस्टेलला जाताना मी जास्त धास्तावले होते.

फिल्डवर दिवसभर उघड्या माळावर असताना आडोसा मिळत नाही, झाड नावाची वस्तूच नाही. याबद्दल आधी गटात मोकळेपणाने बोलून घ्या. पाळीच्या दिवसांचं सामान इथूनच न्या, आणि वापरलेलं सगळं पिशवीत परत वस्तीत आणायचं असतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहिते.

कपडे कसले?

सुती अजिबात नाही. आपण कापूस पिकवणारी माणसं, पण तिथे कापूस अंगावर ओला झाला की वाळत नाही आणि ऊब खेचून घेतो. अंगालगत लोकर, मधे ऊबदार थर, वर वारा-पाणी अडवणारं. चालताना थोडी थंडी वाजली पाहिजे. घाम आला तर कपडे जास्त झाले. होडीत तरंगणारा जाड सूट घालतात, त्यात सगळेच सारखे दिसतात.

घरात मात्र बूट दाराशी काढायचे, कार्यालयातसुद्धा. कोळसा खाणीच्या काळापासूनची तिथली रीत आहे. एवढ्या लांब जाऊन चपला बाहेर काढायला मिळाल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय? उपास-तापास?

सगळ्या देशांच्या लोकांना एकच मोठी मेस. आधी कळवलं तर शाकाहारी मिळतं: पाव, बटाटे, भाज्या, सूप. आठ दिवसांनी जीभ बंड करते. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, काळा मसाला न्या. तूप, पेढे, खवा नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आपल्याकडून नॉर्वेत न्यायला बंदी आहे. धपाटे मी नेले होते, ते ट्रोम्सोलाच संपले.

उपासाचं म्हणाल तर एकादशी धरता येते. संकष्टीची पंचाईत. जून-जुलैत सूर्य चोवीस तास वर, त्यामुळे त्याच्या समोरचा पौर्णिमेचा चंद्र चोवीस तास क्षितिजाखाली. ज्येष्ठातल्या संकष्टीलाही तो बहुधा वर येत नाही. चंद्रोदयाची वाट पाहाल तर उपाशी मराल. वटपौर्णिमेला तर पौर्णिमेचा चंद्रही नाही आणि वडही नाही. तिथलं सगळ्यात मोठं 'झाड' म्हणजे विलोची एक जात, ती बोटभर उंचीची, जमिनीला चिकटून. आईने परभणीच्या वेळेप्रमाणे सोडायला सांगितलं, तसं केलं.

रात्रच होत नाही तर झोप कशी लागते?

पहिले चार दिवस लागत नाही. नी-ऑलेसुंडला १८ एप्रिलपासून २४ ऑगस्टपर्यंत सूर्य मावळत नाही. खिडक्यांना जाड पडदे असतात, ते लावायचे आणि घड्याळ पाळायचं. धोका उलटाच आहे: उजेड असतो म्हणून माणूस काम करत राहतो आणि रात्री दोनला कळतं की आपण जेवलोच नाही. दमलेला माणूस चुका करतो. बाटल्यांची माझी चूक अशीच दमल्यावर झाली.

कुठली चूक?

चौदा बाटल्या. तीन दिवसांचे पाण्याचे नमुने, आणि नावं लिहिली साध्या मार्करने. ओल्या हातांनी हाताळताना शाई पुसली गेली. कुठली बाटली कुठल्या ओढ्याची, हे देवालाही सांगता आलं नसतं. सगळं पाणी ओतून दिलं. तेव्हापासून दोनदा लिहिते, एकदा झाकणावर, एकदा बाटलीवर, आणि वर पारदर्शक चिकटपट्टी. वहीत पेन्सिल. पेनची शाई थंडीत धरत नाही आणि ओलीत पसरते. शिसपेन्सिलीला काही होत नाही.

घरी फोन करता येतो का?

येतो, पण बसून. नी-ऑलेसुंडमध्ये वायफाय आणि ब्ल्यूटूथ बंद. तिथे अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपणाऱ्या अँटेना आहेत, त्यांना आपल्या मोबाइलचा त्रास होतो. फोन विमानमोडवर, इंटरनेट वायरने. बिनवायरचा माउससुद्धा चालत नाही. जोडलेली वायर हातात घेऊन आईशी बोलताना लहानपणचा एसटीडी बूथ आठवायचा. मेसमध्ये लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात, याची सवय व्हायला मला आठवडा लागला.

जायला मिळालंच नाही तर?

बहुतेकांना मिळत नाही. माझ्या बॅचमधून मी एकटीच गेले. पण आर्क्टिकचं संशोधन करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण तिथे क्वचितच जातात. समुद्री बर्फाची उपग्रहांनी घेतलेली १९७९ पासूनची आकडेवारी फुकट उपलब्ध आहे. सप्टेंबर २०१२ चा नीचांक, ३४ लाख चौरस किलोमीटरच्या आसपासचा, तुम्ही सेलूत बसून आलेखावर काढू शकता. लँडसॅट आणि सेंटिनेल उपग्रहांची चित्रंही फुकट. त्यावर हिमनदीचं तोंड दरवर्षी किती मागे गेलं ते रेघ ओढून मोजता येतं. लागतो तो बरा लॅपटॉप, वीज आणि चिकाटी. विजेचं मी काही बोलत नाही.

आणि घरच्या विहिरीत टेप सोडा. दर रविवारी, त्याच कठड्यावरून, तारीख टाकून. शेजारी पावसाचं मापक ठेवा. दोन वर्षांची अशी वही घेऊन कोणी विद्यार्थी माझ्याकडे आला तर त्याच्या गुणपत्रिकेकडे मी नंतर बघते. हिंगोली जिल्ह्यातली एक मुलगी अशी आली होती. वहीत दोन रविवार कोरे होते, आणि समोर लिहिलेलं: 'मामाचं लग्न, मोजलं नाही.' अंदाजाने आकडा भरला नव्हता. तिला मी लगेच प्रयोगशाळेत घेतलं.

तिथून आठवण म्हणून दगड आणता येतो का?

नमुना म्हणून परवानगीने आणता येतो, आठवण म्हणून नाही. फुलं तोडायची नाहीत. १९४६ पूर्वीची माणसाच्या हातची कुठलीही वस्तू, गंजका खिळासुद्धा, जागची हलवायची नाही, ती वारसा मानली जाते. मी आणलं ते बुटाला चिकटलेला चिखल, तोही घासून काढावा लागला.

तिथं रात्र नसते तर कोंबडा कधी आरवतो?

जिंतूर तालुक्यातल्या एका चौथीतल्या मुलाचा प्रश्न. नी-ऑलेसुंडला मला कोंबडा दिसला नाही. पण पक्ष्यांना वेळ कळते का, हा त्याच्या मनातला प्रश्न असावा, आणि तो चांगला आहे. डोक्यावर टोचणारे ते सुरय ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात एके दिवशी दिसेनासे होतात. सूर्य अजून एकदाही मावळलेला नसतो, तरी ते निघतात, थेट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अंटार्क्टिकाकडे. त्या सकाळी मी सवयीने काठी उभी धरून मेसला गेले. वर कोणीच नव्हतं.